घरासकट

"शनिवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी माझं घर पोरीच्या अंगणात उभं असेल! एक्केचाळीस नाही, चाळीस!"

एरास्मो वेंचुरनं हे वाक्य सोमवारी दुकानात ऐकवलं, मंगळवारी धक्क्यावर ऐकवलं आणि बुधवारी चर्चच्या पायऱ्यांवर, पाद्री ऐकतोय याची खात्री करून, पुन्हा ऐकवलं. कोणी शंका काढली नाही. एरास्मोच्या वेळापत्रकावर शंका काढली की तो खिशातून भरती-ओहोटीचं कोष्टक काढतो, बोट ठेवून एकेक ओळ वाचतो, आणि ऐकणाऱ्याची जेवणाची वेळ टळते.

चिली देशातल्या आमच्या चिलोएच्या बेटांवर घर हलवणं ही तशी बातमी नाही. बाकीच्या जगात माणसं सामान हलवतात आणि घर मागे सोडतात. आम्ही सामान आत राहू देतो आणि घरच हलवतो. जमिनीवर बैल ओढतात, पाण्यावर बोटी ओढतात आणि हात लावायला सगळं गाव येतं. त्याला मिंगा म्हणायचं. मजुरी नसते. दिवसभर राबायचं, शेवटी घरधन्यानं सगळ्यांना पोट तुडुंब होईपर्यंत जेवू घालायचं. अट एकच. घरधन्यानं प्रत्येकाच्या दारात स्वतः जायचं, टोपी हातात घ्यायची आणि विनवणी करायची: "घर जड आहे, बळ थोडं आहे. तुमचं थोडं बळ द्याल का?" ज्याच्या दारात विनवणी झाली नाही तो माणूस येत नाही. रागावत नाही, बोलून दाखवत नाही. फक्त येत नाही, आणि पुढची तीस वर्षं लक्षात ठेवतो.

या वेळचं कारण होतं एतेल्विनाचे गुडघे. एतेल्विना म्हणजे एरास्मोची बायको, वय एकाहत्तर. दवाखाना समोरच्या बेटावर, लेक नेरिनाही समोरच्या बेटावर, आणि मधे समुद्र. दर आठवड्याला बोटीत चढताना एतेल्विना जी विशेषणं वापरायची ती ऐकून बगळे उडून जायचे. नेरिना दोन वर्षं मागे लागली होती, "आई, इकडेच राहायला ये." शेवटी एतेल्विना म्हणाली, "येते. पण पंधरा फेब्रुवारीला आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. तो दिवस मी दुसऱ्याच्या छपराखाली काढणार नाही. माझी चूल, माझं दार."

"मग घरच नेऊ," एरास्मो म्हणाला. त्याला त्यात अडचण अशी काही दिसली नाही.

अडचण एकच होती आणि ती गावाला माहीत होती. एरास्मो वेंचुरला काही मागता येत नव्हतं. अठरा फुटांचा ओंडका तो एकट्यानं उचलायचा, पण शेजाऱ्याकडून करवत मागायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. विनवणीच्या फेरीत तो सफरचंदाच्या दारूची घागर घेऊन आत शिरायचा, ती टेबलावर आदळायचा आणि म्हणायचा, "गुरुवारी सकाळी सात." वॉरंट बजावायला आल्यासारखा! मग मागून एतेल्विना लंगडत यायची आणि हळू आवाजात रीतसर विनवणी करायची. अशी एकतीस घरं झाली. विनवण्या तिनं केल्या, घागर त्यानं वाहिली.

बत्तिसावं घर बेलार्मिनोचं. तो समोरच्याच बेटावर, पण नेरिनाच्या घरापासून चार किलोमीटर अलीकडे, पुंता कोइपूच्या टोकाला राहायचा. त्या दिवशी एतेल्विनाचा गुडघा सुजला होता, म्हणून एरास्मो एकटा गेला. बोट काढली, खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला, घागरीतली दारू सव्वा तासात स्वतः संपवली आणि परत आला.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," तो म्हणाला. घागर तर रिकामी होतीच.

बेलार्मिनो आणि एरास्मो एका ताटात जेवलेले. एरास्मोचं हे पिवळं घरही दोघांनी मिळून बांधलेलं. पण अकरा वर्षांपूर्वी नेरिनाच्या लग्नात बेलार्मिनोनं पेला उंचावला आणि एक जुनी हकिकत सांगितली. लग्नाची मागणी घालायला एरास्मो एतेल्विनाच्या वडिलांकडे गेला तेव्हा सोबत बेलार्मिनो होता. एरास्मोनं तीन महिने बोटीत बसून एक भाषण घोकलं होतं. सासऱ्यासमोर उभा राहिला आणि गप्प. पाच मिनिटं. दहा मिनिटं. कुत्रासुद्धा कंटाळून बाहेर गेला. अखेर बेलार्मिनोनंच मुलगी मागितली. म्हाताऱ्यानं खुशीत येऊन बेलार्मिनोलाच मिठी मारली, आणि जावई तो नव्हे, शेजारचा खांब आहे, हे पटवायला अर्धा तास लागला! दोनशे पाहुणे पोट धरून हसले. एरास्मोनं पेला खाली ठेवला. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता.

गुरुवारी आणि शुक्रवारी अकरा बैलजोड्यांनी घर टेकडीवरून खाली आणलं. एकच काच फुटली. शनिवारी सकाळी ते ओल्या वाळूवर उभं होतं, बुडाला दोन्ही बाजूंनी रिकामी पिंपं बांधलेली, दोन दोर नोलबेर्तोच्या दोन बोटींना. नोलबेर्तो हा चाळिशीचा तांडेल. असं काम त्यानं आधी तीनदा केलं होतं, म्हणून तो फारसा बोलत नव्हता.

"आई कुठंय?" नेरिनानं फोनवर विचारलं.

"घरात," एरास्मो म्हणाला.

"घर कुठंय?"

"किनाऱ्यावर."

"बाबा! तिला उतरवा!"

एरास्मो दाराशी गेला. एतेल्विना चुलीपुढे उभी होती. "चुलीत बटाट्याचे मिल्काओ टाकलेत," ती म्हणाली. "ते अर्धे कच्चे सोडून मी उतरू? आणि ऐक म्हाताऱ्या, बोटीत चढायला माझे गुडघे लागतात. घरात बसायला लागत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मला हा समुद्र खुर्चीत बसून ओलांडायचाय."

बारा वाजून पन्नास मिनिटांनी भरती पूर्ण झाली.

त्या क्षणाबद्दल किनाऱ्यावरच्या माणसांना अजून विचारा, ती आधी थोडी थांबतात. घर आवाज न करता उचललं गेलं. इतकी वर्षं जे हललं नव्हतं ते जरासं डावीकडे कललं, मग उजवीकडे, आणि मग सरळ झालं, जणू उभं राहता येतंय का ते बघत होतं. लाकडी पट्ट्यांचं पिवळं अंग, दोन खिडक्या, खिडक्यांना पडदे, धुराड्यातून निघणारा सरळ धूर, आणि खाली हिरवं पाणी. अकरा बैलजोड्या हाकणारी, शिव्यांशिवाय न बोलणारी माणसं टोप्या काढून उभी होती. एरास्मो बोटीत मागे तोंड करून बसला होता. हे घर त्यानं आतून पाहिलं होतं, छपरावरून पाहिलं होतं, दारू पिऊन गवतातून पाहिलं होतं. पण ते आपल्यामागून येताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या तोंडाचा आ वासला आणि बराच वेळ मिटला नाही.

मध्यावर एका मच्छीमाराची होडी आडवी आली. त्यानं वल्ही उचलून घेतली आणि छातीवर क्रूस काढला. तेवढ्यात खिडकी उघडली आणि एतेल्विनानं बाहेर टेबलावरचं कापड झटकलं.

"कुठं निघालात, मावशी?" त्यानं कसंबसं विचारलं.

"पोरीकडे."

"घरासकट?"

"मग काय उघड्यावर जाऊ?"

इथपर्यंत सगळं कोष्टकाप्रमाणे चाललं होतं. मग नोलबेर्तोनं सुकाणू डावीकडे वळवलं आणि एरास्मो ताडकन उठला.

"इकडून नको."

"काका, हाच रस्ता. पुंता कोइपूच्या टोकावरून गेलं की पन्नास मिनिटं."

"सील-बेटाला वळसा घाल."

"वळसा? तासभर जादा जाईल. भरती उलटेल."

"तिकडे पाणी शांत आहे."

"शांत? तिकडे सीलसुद्धा खडक धरून बसतात!"

"बोट कोणाची आहे?"

"माझी!"

"आणि घर?"

घर घरधन्याचं, शब्द घरधन्याचा, हीच रीत. पुंता कोइपूच्या टोकावर कोण राहतं ते त्यालाही ठाऊक होतं. विनवणी न केलेल्या माणसाच्या अंगणापुढून मिंगाचं घर मिरवत न्यायचं म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ टाकणं. एरास्मोला मीठ टाकायचं नव्हतं. त्याला लपायचं होतं. पण अठरा टनांचं पिवळं घर घेऊन लपणं तसं अवघड असतं.

एक वाजून पन्नास मिनिटांनी ते सील-बेटामागे पोचले आणि तिथेच पाणी उलटलं. ओढ इतकी जबर होती की दोन्ही बोटी इंजिनं गर्जत असताना मागे सरकू लागल्या. आता बोटी घराला नेत नव्हत्या, घर बोटींना नेत होतं! खडकावरचे सील मान उंचावून बघत होते. नाटकाची तिकिटं काढल्यासारखे.

"काका, दोर कापतो!"

"खबरदार! आत बायको आहे माझी!"

"दोर नाही कापला तर आपण खडकावर, आणि घर आपल्यावर! कापला तर प्रवाह घराला खाडीत नेईल. तिथं वाळू आहे. मी सांगतो ना, वाळू आहे!"

दोन वाजून पाच मिनिटांनी नोलबेर्तोनं कुऱ्हाड चालवली. घरानं एक मोठी गिरकी घेतली. एरास्मोला आधी एक खिडकी दिसली, मग मागची भिंत, मग दुसरी खिडकी, आणि त्या खिडकीत एतेल्विना, दोन्ही हातांनी चौकट धरून. ती घाबरली होती की हसत होती हे त्याला इतक्या लांबून कळेना, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते कळायलाच हवं असं वाटलं. घर मग प्रवाहाच्या मधोमध, धूर सोडत, एखाद्या आगबोटीच्या दिमाखात निघालं. सील-बेट उजवीकडे सोडलं, खडकांची रांग डावीकडे सोडली, आणि ज्या जागेपासून लपायला एरास्मोनं तासभर वळसा घातला होता, नेमकं त्या जागेकडे वळलं. पुंता कोइपूच्या खाडीत शिरलं. एका लाटेनं ते उचलून गोट्यांच्या उंच पट्टीवर ठेवलं. अगदी हलक्या हातानं. दार बेलार्मिनोच्या फाटकाकडे. अंतर वीस पावलं.

बेलार्मिनो फाटकात उभा होता. वय पंचाहत्तर, हातात बटाटे खणायची कुदळ. त्यानं पुढच्या काळात शपथेवर सांगितलं की तो मुळीच दचकला नाही. कुदळ मात्र पायावर पडली होती.

दार उघडलं. एतेल्विनानं आधी खाली पाहिलं, मग समोर.

"नमस्कार, बेलार्मिनो."

"नमस्कार, एतेल्विना."

"मिल्काओ गरम आहेत."

"माझ्या किनाऱ्यावर लाकडं वाहून येतात," बेलार्मिनो म्हणाला. "एकदा मेलेला देवमासा आला होता. पण पडदे लावलेलं काही आलं नव्हतं." मग त्यानं विचारलं, "तो कुठंय?"

तिनं हनुवटीनं समुद्राकडे खूण केली. भरती ओसरली होती आणि बोट दोनशे मीटरांवर चिखलात रुतली होती. त्यातून उतरून, गुडघाभर चिखल तुडवत, एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा, एरास्मो येत होता.

तेवढ्यात घरात फोन वाजला. "आई! तीन चाळीस झाले! घर कुठंय?"

"बेलार्मिनोकडे."

"तू तिकडे कशी गेलीस?"

"घरासकट."

एरास्मो गोट्यांच्या पट्टीपाशी येऊन थांबला. पुढची जमीन बेलार्मिनोची, तिथं बोलावल्याशिवाय पाय टाकायचा नाही. बेलार्मिनो उंबऱ्यापाशी येऊन थांबला. पुढचं घर एरास्मोचं, घरधन्यानं बोलावल्याशिवाय आत जायचं नाही. दोघांच्या मधे फक्त दार, आणि दारात एतेल्विना मिल्काओची थाळी घेऊन.

"एतेल," एरास्मो म्हणाला, "त्याला सांग, माझ्या घरापासून लांब उभा राहा."

"त्याला सांग," बेलार्मिनो म्हणाला, "माझ्या किनाऱ्यावरून घर उचल."

"मी कोणाला काही सांगणार नाही," एतेल्विना म्हणाली. "माझे मिल्काओ गार होतायत." आणि तिनं एक स्वतः खाल्ला.

आजूबाजूची माणसं जमू लागली होती. नोलबेर्तोही मागून आला, त्यानं घराच्या बुडाखाली वाकून पाहिलं आणि परिस्थिती सांगितली, अगदी पंचनामा वाचल्यासारखी. निम्मी पिंपं फुटली आहेत. घर पट्टीच्या माथ्यावर बसलंय, आपण होऊन तरंगणार नाही. उद्या दुपारची भरती आजच्याएवढी मोठी असेल. त्यानंतर इतकं पाणी पंधरा दिवस येणार नाही. उद्या पंधरा फेब्रुवारी. घर उद्या पाण्यात घालायचं तर बैल हवेत. एरास्मोच्या गावाचे बैल समुद्रापलीकडे. अलीकडे पाच जोड्या. दोन बेलार्मिनोच्या, तीन त्याच्या शेजाऱ्यांच्या, आणि बेलार्मिनो हलल्याशिवाय शेजारी हलणार नाहीत.

"मग विनवणी करायची," कोणीतरी म्हणालं.

"इथली विनवणी झालीये की!" एतेल्विना म्हणाली. "पंधरा दिवसांपूर्वी. घागर घेऊन गेला होता."

"कोणती घागर?" बेलार्मिनोनं विचारलं.

एतेल्विनानं नवऱ्याकडे पाहिलं. एरास्मो आपल्या मोज्याकडे पाहत होता.

"अस्सं," ती म्हणाली. तिनं थाळी उंबऱ्यावर ठेवली. आवाज चढवला नाही, आणि त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू आलं. "म्हाताऱ्या, एकतीस दारांत मी बोलले. पन्नास वर्षं मीच बोलतेय. मीठ मी मागितलं, बियाणं मी मागितलं, पोरीला शाळेत घेतलं तेव्हा मास्तरांपुढे मीच उभी राहिले. या दारात मी बोलणार नाही. उद्या माझा दिवस माझ्या पोरीच्या अंगणात व्हायचा की या गोट्यांवर, ते तुझ्या तोंडावर अवलंबून आहे." आणि ती चौकटीला टेकून उभी राहिली.

एरास्मोनं टोपी काढली. ती दोन्ही हातांत धरली. बेलार्मिनो त्याच्याकडे पाहत होता, शेजारी पाहत होते, नोलबेर्तो पाहत होता, खाडीतले बगळे पाहत होते. एक मिनिट गेलं. दोन गेली. बेलार्मिनोचा कुत्रा उठून निघून गेला.

आणि मग एरास्मो वेंचुरचं तोंड उघडलं.

आता या माणसाच्या घशात जन्मभराच्या मागण्या साठलेल्या. त्यातली जी सगळ्यात आधी येऊन अडकली होती तीच आधी बाहेर पडली. खणखणीत आवाजात, एका दमात, एकही शब्द न गाळता:

"काका, मी गरीब माणूस आहे, पण हात चांगले आहेत. तुमच्या एतेल्विनाला मी पहिल्यांदा बटाट्याच्या काढणीत पाहिलं. ती पोत्यावर बसून गात होती आणि सूर चुकत होता. त्या दिवसापासून मला दुसरं गाणं आवडत नाही. तिला मी घर बांधून देईन. पिवळं. ती म्हणेल तिथं. ती मला देता का? नाही म्हणालात तर मी रागावणार नाही, पण मी दुसरं कुठं जाऊ ते मला माहीत नाही."

बोलून झाल्यावर सगळ्यात जास्त धक्का एरास्मोलाच बसला. तो आपल्या टोपीत डोकावला, जणू हे तिथूनच आलं असावं.

कोणी हसलं नाही. खाडीत ओहोटीचं पाणी गोट्यांमधून झिरपत होतं. चौकटीला टेकलेली एतेल्विना हळूहळू सरळ झाली. तिचा हात गळ्याशी गेला होता. अर्धं शतक ती या माणसाबरोबर जेवली होती, पण त्याच्या आत हे सामान आहे याचा तिला पत्ता नव्हता. जसा घरधन्याला आपल्याच माळ्यावर कोणीतरी राहत असल्याचा नसतो.

बेलार्मिनोनं घसा साफ केला. डोळे पुसले. कुदळ पायावर पडली होती म्हणून, असं तो सांगतो.

"पोरा," तो सासऱ्याच्या जागी उभा राहून म्हणाला, "माझी हरकत नाही. पण नीट विचार कर. मुलगी एकाहत्तरची आहे, आणि गुडघे गेलेत."

"आणि बैल?" एरास्मो पुटपुटला. "बैल पण देशील का, गड्या? मी... मी त्या दिवशी घागर घेऊन आलो होतो. तुझ्या खाडीच्या तोंडाशी बसलो. मग मीच प्यालो."

"सगळी?"

"सगळी."

"चांगली होती?"

"आंबट होती."

"मग बरं झालं नाही आणलीस," बेलार्मिनो म्हणाला. मग त्यानं हात पुढे केला आणि अकरा वर्षं दोघांनी जे जपून ठेवलं होतं ते तिथं गोट्यांवर, एका बुटाच्या आणि एका मोज्याच्या साक्षीनं संपलं. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघंही घरात शिरायला निघाले, तोच एतेल्विनानं हात आडवा केला.

"बेलार्मिनो, तू ये. मिल्काओ खा." मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "तू नाही."

"का?"

"मागणी आज घातलीस. मी अजून हो म्हटलेलं नाही. ज्याला होकार मिळाला नाही असा पुरुष माझ्या घरात झोपणार? लोक काय म्हणतील?"

एरास्मो त्या रात्री बेलार्मिनोच्या गोठ्यात झोपला. नेरिनानं फोनवर तीनदा विचारलं, "पण बाबा, तुम्ही गोठ्यात का?" तिन्ही वेळा त्यानं सांगितलं, "तुझी आई विचार करतेय."

रविवारी सकाळी पाच बैलजोड्या आणि साठ माणसांनी घर पट्टीवरून पाण्याच्या कडेला आणलं. पिंपं नवी बांधली. दुपारच्या भरतीला घर दुसऱ्यांदा उचललं गेलं, आणि ज्यांनी आदल्या दिवशी ते पाहिलं होतं ती माणसं, आज बोटींनी इकडे आलेली, पुन्हा टोप्या काढून उभी राहिली. या खेपेला बोटीत एरास्मोशेजारी बेलार्मिनो बसला होता. दोघं मागे तोंड करून घराकडे बघत होते.

"आपण बांधलं तेव्हा एवढं मोठं नव्हतं," बेलार्मिनो म्हणाला.

"नव्हतं," एरास्मो म्हणाला.

नेरिनाच्या अंगणात घर चार वाजून पंचवीस मिनिटांनी बसलं. जमिनीतल्या खड्ड्यात तापल्या दगडांवर शिंपले, मांस, बटाटे सकाळपासून रटरटत होते. वरची पानं काढली तसा वाफेचा खांब छपराच्या वर गेला. दोन्ही बेटांची मिळून एकशे ऐंशी माणसं जेवायला बसली. पेले भरले. नेरिना उठून म्हणाली, "आईबाबांच्या पन्नास वर्षांना!"

"थांब," एतेल्विना म्हणाली. "कसली पन्नास? मला काल विचारलंय."

ती उठली, हळूहळू आपल्या घरात गेली आणि दार लावून घेतलं. एकशे ऐंशी माणसांनी घास हातात धरून ठेवले. एरास्मोच्या कपाळावर घामाचे थेंब होते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला इतकी भीती शोभत नाही, पण त्याला शोभत होती. तीन मिनिटांनी दार उघडलं.

"हो," एतेल्विना म्हणाली.

जो गलका उठला त्यानं नेरिनाची डुकरं कुंपण तोडून पळाली. नोलबेर्तो टेबलावर चढला. पाद्र्यानं पाद्र्याला न शोभणारी शिट्टी मारली. आणि एरास्मो वेंचुर नुसता उभा होता, दोन्ही हात लोंबकळत, घर पहिल्यांदा पाण्यावर उचललं गेलं तेव्हा दिसत होता तसा.

"पण," एतेल्विना म्हणाली.

गलका थांबला.

"घर उलटं बसलंय. चुलीची खिडकी डुकरांच्या कुंपणाकडे आलीये. आत्ता उभी राहून बघून आले. लग्न करते, पण डुकरं बघत स्वयंपाक करणार नाही. घर फिरवा."

अठरा टनांचं घर. पाया बसलेला. बैल जुवातून सोडलेले. माणसांची पोटं तट्ट फुगलेली.

एरास्मोनं मात्र जराही वेळ लावला नाही. काल सुटलेली जीभ आज चांगली चालत होती. त्यानं टोपी काढली, दोन्ही हातांत धरली, टेबलांच्या मधोमध उभा राहिला आणि स्पष्ट, मोकळ्या, सगळ्या बेटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "घर जड आहे, बळ थोडं आहे..."

नोलबेर्तोला बोट बांधली का ते बघून यायचं होतं. पाद्र्याला घंटा वाजवायची होती. बेलार्मिनोच्या गुडघ्यात अचानक कळ आली.

एरास्मोनं विनवणी शेवटच्या शब्दापर्यंत पूर्ण केली आणि मान वर केली. अंगणात फक्त बैल उरले होते, आणि तेसुद्धा खुंट्याला बांधलेले होते म्हणून.